लोणचं बंद करा म्हणाले, पाणी कुठलं पिता हे कुणी विचारलं नाही

चार वर्षांपूर्वी माझ्या वहिनीचे पाय सातव्या महिन्यात सुजायला लागले, तेव्हा मी तिला लोणच्यावर व्याख्यान दिलं होतं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेलं, सातारा जिल्ह्यात एका संस्थेत आरोग्याचं काम करते, बायांच्या बैठका घेते. वाळवा तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेले की आपोआप माझा आवाज प्रशिक्षकाचा होतो. पापड बंद, लोणचं बंद, खारी शेंग बंद, भाजीत वरून मीठ नाही. वहिनी मान डोलवत होती. आई मध्येच म्हणाली, "लोणचं कुठं हाय घरात? गेल्या साली आंबंच घातलं न्हाईत." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण माझ्या पुस्तिकेतलं पुढचं वाक्य राहिलं होतं.

तीन आठवड्यांनी रात्री वहिनीचं डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एकशे आठची गाडी आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला तो 160 वर 110. लघवीत प्रथिनं. तिथून मोठ्या दवाखान्यात. तिथल्या बाईंनी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन लगेच दिलं म्हणून झटके आले नाहीत, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हे साधं, स्वस्त इंजेक्शन झटक्यांचा धोका जवळपास निम्म्यावर आणतं हे सिद्ध झालं होतं. सिझेरियन झालं. मुलगी एक किलो सहाशे ग्रॅमची. सव्वा महिना काचेच्या पेटीत. जगली. आज ती अंगणवाडीत जाते आणि मला नावाने हाक मारते.

पण दवाखान्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी वहिनीकडे न बघता माझ्या भावाला विचारलं, "खारट फार खाते का ही?" भाऊ गप्प. मग आईकडे वळून म्हणाले, "तुम्हा लोकांच्यात सुकट, लोणचं फार असतं." तुम्हा लोकांच्यात! केसपेपरवर आडनाव होतंच, आईच्या गळ्यात निळ्या दोऱ्यातला बाबासाहेबांचा बिल्लाही होता. मी तिथे उभी होते आणि मला राग आला तो त्या दोन शब्दांचा. घरी येऊन रात्रभर विचार केल्यावर लक्षात आलं की तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः वेगळं काय बोलले होते? शब्द सभ्य होते एवढंच. दोघांनीही गुन्हेगार ताटात शोधला, आणि ताट वाढणारीलाच आरोपी केलं.

वहिनी घरी आल्यावर मी तिच्याजवळ बसून होते. तहान लागली म्हणून कोपऱ्यातल्या जारमधून पेला भरला आणि तिला एक दिला. ती म्हणाली, "ताई, ते जारचं आबांस्नी असतंय, आन् पाव्हण्यांस्नी. मी हापशाचंच पिते की."

आबा म्हणजे माझे वडील. त्यांना मुतखड्याचा त्रास. डॉक्टरांनी त्यांना हापशाचं पाणी बंद करायला सांगितलं होतं, म्हणून घरात वीस लिटरचा जार येतो. रोज नव्हे, दिवसाआड. आबा पितात, भाऊ कामावर जाताना बाटली भरून नेतो, आणि पाहुण्यांना देतात. मी त्या घरात पाहुणी. शिकलेली नणंद सातारहून यायची, जारचं थंड पाणी प्यायची आणि हापशाचं पाणी पिणाऱ्या गरोदर बाईला मिठाचे धडे द्यायची. घरातल्या कुणाला त्या पाण्याने त्रास होतो हे कळलं होतं, पुरुषापुरता उपायही सापडला होता. बाईच्या पोटात बाळ असताना तो उपाय तिच्यापर्यंत पोचला नाही, आणि पोचला नाही हे कुणाला खटकलंही नाही. तिलासुद्धा. व्यवस्था म्हणजे काय हे मी विद्यापीठात दोन वर्षं शिकले, पण तिचा पत्ता मला आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मिळाला.

त्या हापशाचं पाणी मचूळ आहे हे आम्हाला लहानपणापासून माहीत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो. चहा त्या पाण्याचा केला तर कधी कधी दूध फाटतं. आम्ही त्याला 'जड पाणी' म्हणायचो आणि प्यायचो. सवय लागली की चव जाते.

हे पाणी असं का झालं, हा प्रश्न मात्र आम्ही कधी विचारला नव्हता. सांगलीच्या नदीकाठच्या पट्ट्यात, म्हणजे वाळवा, मिरज, पलूस, आणि खाली कोल्हापूरच्या शिरोळकडे, खोल काळी जमीन आहे. पाण्याचा निचरा करणं तिच्या स्वभावातच नाही. तिला आधी कालव्यांचं, मग नदीवरच्या उपसा योजनांचं पाणी मिळालं आणि ऊस आला. उसाला पाट भरून पाणी, वर युरियाची पोती. खाली न जिरणारं पाणी साठत गेलं, भूजलाची पातळी वर आली. उन्हाने पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं हे झालं की शेतावर पांढरा थर दिसायला लागतो, उसाचे कोंब जळतात, आणि जमीन क्षारपड होते. सोडियम जास्त झालं तर चोपण. चोपण जमीन भिजली की चिखल आणि वाळली की दगड.

याचा इलाजही इथेच शोधला गेला आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने भूमिगत सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड जमीन सुधारण्याचं काम केलं आहे. जिल्ह्याच्या पुरवण्यांत क्षारपड जमिनीवर दरवर्षी पानं भरून येतं, मेळावे होतात, अनुदानाच्या मागण्या होतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, मी त्याची थट्टा करत नाही. पण बघा, एकाच जमिनीखालचं एकच पाणी. उसाच्या मुळाला ते सोसत नाही म्हटल्यावर कारखाने, विद्यापीठ, आमदार सगळे कामाला लागतात. त्याच पाण्याचा हापसा ज्यांच्या दारात आहे, त्यांच्या मुळांना काय होतं हे कुणी विचारत नाही. कारण त्यांच्याकडे जमीन नाही. क्षार मोजायचा तर सात-बारा लागतो!

आमची वस्ती गावाच्या उताराला, ओढ्याच्या बाजूला. गावाचं सगळं पाणी वाहून खाली येतं. वरच्या शेतांतून झिरपलेलंही आणि गटारीचंही. गावाला नदीवरून नळयोजना आहे, टाकी आहे. वस्ती पाइपच्या शेवटी. एक दिवसाआड अर्धा तास, तोही वरच्या आळीत मोटारी लागल्या नाहीत तर. पाइपमधला दाब पडला की फुटक्या जोडांतून बाहेरची घाण आत खेचली जाते, म्हणजे आमच्या नळाला शेवटी जे येतं ते टाकीतून निघालेलं पाणी असतंच असं नाही. मग पिण्याला हापसा. त्याला निदान वास नाही.

आता आरोग्याचा मुद्दा. इथे मला सावधपणे बोलायचं आहे, कारण आपल्या चळवळीच्या लेखनात भावनेच्या भरात न सिद्ध झालेली गोष्ट सिद्ध म्हणून सांगण्याची खोड आहे आणि विरोधक तेवढीच धरून बसतात. वहिनीला झालेला आजार त्या पाण्यामुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही. गरोदरपणी विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्यावर जातो, लघवीत प्रथिनं येतात किंवा मूत्रपिंड, यकृत बिघडल्याच्या खुणा दिसतात, त्याला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. त्याचं मूळ वारेच्या रक्तवाहिन्या नीट न तयार होण्यात आहे. पहिलं बाळंतपण, जुळं, आधीचा रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, घराण्यात कुणाला असणं, अशी अनेक कारणं धोका वाढवतात.

पण पाण्यातल्या मिठाचा प्रश्न एका ठिकाणी नीट विचारला गेला आहे. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात समुद्राचं खारं पाणी नद्यांत, तळ्यांत आणि कूपनलिकांत शिरतं. तिथल्या दवाखान्यात गरोदर बायांचा रक्तदाब कोरड्या ऋतूत, म्हणजे पाणी जास्त खारट असतं तेव्हा, जास्त आढळतो हे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडलं. मग 2014 च्या अभ्यासात दोनशेच्या आसपास आजारी बाया आणि हजारभर निरोगी गरोदर बाया यांच्या घरच्या पाण्याची तुलना झाली. लिटरमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असलेलं पाणी पिणाऱ्यांच्या मानाने 900 मिलिग्रॅमच्या वर सोडियम असलेलं पाणी पिणाऱ्यांत या आजाराची शक्यता पाचपटीहून जास्त दिसली. मधल्या गटांतही ती पायरीपायरीने चढत गेली होती.

हिशेब करून बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला 2 ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे साधारण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. पाण्यात लिटरमागे 600 मिलिग्रॅम सोडियम असेल आणि उन्हात भांगलणीला जाणारी बाई दिवसाला चार लिटर पाणी पीत असेल, तर नुसत्या पाण्यातून 2.4 ग्रॅम सोडियम गेलं. म्हणजे सहा ग्रॅम मीठ. भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी तिचा दिवसाचा वाटा संपला. तिला तुम्ही म्हणता लोणचं बंद कर.

यावर एका डॉक्टर मित्राने मला अडवलं. तो म्हणाला, "गरोदरपणी मीठ कमी केल्याने हा आजार टळतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही." ते खरं आहे. नेदरलँड्समध्ये अशा चाचण्या झाल्या आणि फायदा दिसला नाही. त्याने पुढे हेही सांगितलं की बांगलादेशातल्याच नंतरच्या एका अभ्यासात, काही क्षारयुक्त पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रक्तदाब उतरवायला मदत करतं असं दिसलं. समुद्राचं मीठ वेगळं, तुमच्या काळ्या जमिनीतले क्षार वेगळे. मी त्याचं सगळं मान्य केलं. मग त्याला विचारलं, मिठाचा संबंध नसेल तर माझ्या आईला भर वॉर्डात सुकटीवरून का बोललात तुम्ही लोक? आणि संबंध असेल तर पाणी का विचारलं नाही? दोन्हीपैकी एक उत्तर द्या. तो हसला आणि म्हणाला, केसपेपरवर पाण्याचा रकाना नसतो.

नसतोच. माता-बाल संरक्षण कार्ड काढून बघा. वजन, उंची, हिमोग्लोबिन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या. पाण्याचा स्रोत विचारणारी ओळ त्यात मला सापडली नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते, 2016 पासून ही मोहीम चालू आहे, चांगली आहे, प्रत्येकीने जावं. तिथेही कुणी विचारत नाही. हंगामात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या बायांची तर गंमतच आहे. पोट वाळव्यात, कार्ड बीडला. कोपीजवळ जे पाणी असेल, पाटाचं नाहीतर आमच्यासारख्याच एखाद्या हापशाचं, ते प्यायचं.

बरं, कायदा काय म्हणतो? भारतीय मानक 10500 हे पिण्याच्या पाण्याचं मानक. एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. क्लोराइड 250, दुसरा स्रोत नसेल तर 1000. 'दुसरा स्रोत नसेल तर' या चार शब्दांवर मी खूप वेळ थांबले होते. ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी विषाची पातळी वर सरकते! शरीर तेच, मूत्रपिंड तेच, गर्भ तोच. बदललं काय, तर त्या माणसाची परिस्थिती. आणि सोडियमची मर्यादा? त्या मानकात सोडियमचा रकानाच नाही. जागतिक संघटनेच्या मार्गदर्शिकेत 200 मिलिग्रॅमचा उल्लेख येतो तो चवीसाठी, त्याच्या वर पाणी खारट लागतं म्हणून. म्हणजे मानक जिभेचं आहे. आमच्या जिभेला तर सवय झालेली.

गावाच्या ग्रामपंचायतीत पाणी गुणवत्तेचं हिरवं कार्ड लावलेलं आहे. आपल्या राज्यात पावसाळ्याआधी आणि नंतर गावोगावच्या स्रोतांची पाहणी होते आणि लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी. ही पद्धत वाईट नाही. पण ती प्रामुख्याने स्रोताभोवतीची घाण, गळती आणि टीसीएल पावडर बघते. हगवण, कावीळ, पटकी यांच्यासाठी ती आहे, आणि त्या साथी कमी महत्त्वाच्या नाहीत. 2012 साली शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची साथ आली होती, माणसं गेली. हेपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात मारते. पण साथ दिसते, तिची बातमी होते. हळूहळू शरीरात मुरणाऱ्या पाण्याला कुठल्या रंगाचं कार्ड द्यायचं?

साथीचं पाणीही साथ संपल्यावर संपत नाही, हे कॅनडातल्या वॉकर्टन गावाने दाखवलं. मे 2000 मध्ये मुसळधार पावसाने गोठ्याचं शेण तिथल्या एका विहिरीत उतरलं. पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात 2300 लोक आजारी पडले, सात मेले. चौकशीत काय निघालं? पाणी खात्याचे लोक क्लोरीन न मोजता नोंदवहीत आकडे भरत होते, आणि प्रयोगशाळेचा वाईट अहवाल आरोग्य खात्यापासून लपवून ठेवला होता. त्या गावातल्या लोकांची पुढची आठ वर्षं तपासणी झाली. ज्यांना तेव्हा जोराची हगवण लागली होती त्यांच्यात नंतर उच्च रक्तदाबाचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघालं, आणि मूत्रपिंड कमजोर होण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त. हगवण आठवड्यात गेली, तिची वसुली आठ वर्षं चालली. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठच्या विहिरी, बोअर दिवसेंदिवस पाण्याखाली होते. त्यानंतर कोण किती दिवस काय प्यालं, याची वही कुणाकडे आहे? टीसीएलची वही मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीत आहे. ती मी पाहिली आहे. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली.

काही सवर्ण मित्र म्हणतात, पाण्याच्या प्रश्नात जात कशाला आणता? मी आणत नाही, ती आधीच तिथे असते. सातारा जिल्ह्यातलीच गोष्ट सांगते. 1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून गोरेगावला निघाले. वडील तिथे, खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर मुलं उतरली. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. डबा भरलेला होता, पाणी नव्हतं. वाटेत ओढ्याच्या पात्रात डबकं लागलं, त्यात गुरांचं शेणमूत मिसळलेलं. तोंडाला लावणंही अशक्य. टोलनाक्यावर गाडीवाल्याच्या सल्ल्याने मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. भरल्या डब्याजवळ मुलं उपाशी झोपली.

माझं काम खटावच्या बाजूला असल्याने मी मसूरवरून अनेकदा जाते. दरवेळी मला त्या डबक्याची आठवण येते. आपण त्या प्रसंगातला अपमान सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. अस्पृश्याला पाणी नाकारलं म्हणजे तो पाण्याविना राहिला असं होत नाही. त्याच्या वाट्याला घाण पाणी येतं. चांगल्या पाण्यावरची बंदी म्हणजेच वाईट पाण्याची सक्ती. पिढ्यानपिढ्या ती सक्ती कुणाच्या आतड्यांनी, कुणाच्या मूत्रपिंडांनी आणि कुणाच्या गर्भाशयांनी सोसली याचा हिशेब इतिहासात कुठे आहे? 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यानंतर सनातन्यांनी शेण आणि गोमूत्र घातलेल्या 108 घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. वॉकर्टनमध्ये शेण विहिरीत गेलं तर न्यायालयीन चौकशी बसली. इथे ते मंत्र म्हणून ओतलं गेलं. दूषित म्हणजे काय याची व्याख्याच या समाजाने उलटी केली होती, आणि माझ्या मते ती अजून पूर्ण सुलटी झालेली नाही.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाचा भार एकट्या बाईवर टाकू नये, तो समाजाने आणि सरकारने उचलावा ही त्यामागची दृष्टी. आपण 14 एप्रिलला याचा उल्लेख भाषणात करतो. मग वस्तीतल्या गरोदर बाईच्या पेल्यातलं पाणी हा आपल्या समितीचा विषय का नाही? मागच्या वर्षी आमच्या वस्तीने कमानीसाठी वर्गणी काढली. मीही दिली. कमान सुंदर झाली आहे. हापसा तिच्या उजव्या खांबाला लागून आहे. हे लिहिल्यावर काही भाऊ माझ्यावर चिडतील, चिडू देत. याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळेवरच्या बळीराजा धरणाच्या लोकांनी भूमिहीनालाही पाण्यात वाटा असं ठरवून दाखवलं होतं. तो वाटा आपण मागायचा की कुणीतरी आणून द्यायचा?

गेल्या महिन्यात मी रजा काढून माहेरी गेले. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देऊन तपासणी संच द्यायचा असं ठरलेलं आहे. ग्रामसेवकांना विचारलं, "भाऊसाहेब, आपल्याकडचा संच कुठे आहे?" त्यांनी कपाट उघडलं. संच होता, सीलही फोडलेलं नव्हतं. पाच बायांची नावं वहीत होती, त्यांतल्या तिघींना आपलं नाव तिथे आहे हे माहीत नव्हतं. एक आमच्या वस्तीतलीच, आशाताईंची जाऊ. आम्ही दोघींनी आणि आणखी दोघींनी मिळून संच उघडला, सूचना मोठ्याने वाचल्या, आणि हापशाच्या पाण्यात क्लोराइडचे थेंब टाकत मोजत बसलो. आकडा 250 च्या बराच वर गेला. आरओवाल्याकडून मागून आणलेल्या मीटरवर एकूण क्षारांचा आकडा चार अंकी आला. नळाच्या पाण्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. मीटरला सोडियम कळत नाही, म्हणून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेसाठी वेगळी बाटली भरली. तिच्यावर कागद चिकटवून गावाचं नाव, स्रोत, तारीख आणि वेळ लिहिली. अर्जात सोडियम आणि नायट्रेट दोन्ही तपासून लेखी अहवाल द्यावा असं लिहिलं. खाली अकरा बायांच्या सह्या आहेत, तीन अंगठे.

ग्रामसभेत मागणी एकच ठेवली आहे: नळाला पाणी येतं त्या दिवशी आधी अर्धा तास खालच्या वस्तीला, मग वर. सरपंच म्हणाले, बघू. वरच्या आळीतल्या एकाने विचारलं, "आता पाण्यातपण आरक्षण का?" वस्तीतल्या एका म्हातारीने त्याला तिथल्या तिथे सांगितलं, "बाळा, एक महिना तू हापशाचं पी, मी नळाचं पिते. मग बोलू आपण."

वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत, चौथा महिना आहे. एकदा हा आजार झालेल्या बाईला पुढच्या खेपेला तो होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तिसऱ्या महिन्यातच तिला दाखवलं. ॲस्पिरिनची कमी ताकदीची गोळी डॉक्टरांनी सुरू केली आहे, कॅल्शियमही. या वेळचे डॉक्टर वेगळे, तरुण आहेत. पाण्याबद्दल त्यांनीही विचारलं नाही, पण मी सांगितल्यावर कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. जार आता रोज येतो, तिच्यासाठी. पैसे मी पाठवते. आबा म्हणाले, तिला आधी. मी परवा फोन केला तेव्हा वहिनी हसत सांगत होती की शेजारची गरोदर पोरगी रोज दुपारी तांब्या घेऊन येते आणि ती तिला जारमधलं भरून देते, त्यामुळे जार संध्याकाळपर्यंत पुरत नाही. बाटलीचा अहवाल अजून आलेला नाही.